क्रूसावरची अक्षरे

पंडिता रमाबाईंनी गळ्यात क्रूस घालावा, अशी इंग्लंडमधल्या वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींची इच्छा होती. क्रूस घालायला बाईंची ना नव्हती. गाडी अडली ती त्यावरच्या अक्षरांपाशी. अक्षरे लॅटिन होती. बाईंनी सिस्टर जेराल्डिनला सरळ लिहून विचारले, की लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातल्या लोकांनाही येत नाही, मग ही अक्षरे मी अंगावर का वागवू? काही लिहायचेच असेल तर संस्कृतात लिहा. वर एक चिमटाही काढला: ब्राह्मणांना संस्कृतचे जसे सोवळे असते, तसे तुम्हाला लॅटिनचे आहे की काय? संस्कृत देववाणी आहे म्हणून आपण ती मागत नाही, आपल्या देशाची जुनी आणि देखणी भाषा आहे म्हणून मागतो, हेही त्यांनी बजावून सांगितले.

जिला हे लिहिले त्या सिस्टरला रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत. पत्रे इंग्रजीत, पण हा एक शब्द मराठी. आजीबाईंशी भांडावे, आणि भांडताना त्यांना आजीबाईच म्हणावे, असा तो सगळा पत्रव्यवहार आहे.

रमाबाई तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांच्या होत्या. एवढ्या वयात त्यांच्यावरून जे गेले होते ते दुसऱ्या कोणाला दोन जन्मांना पुरले असते. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून उडुपीला पंडितांच्या सभेपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली होती. मुलीला त्यांनी आणि आईने रानावनांत, तीर्थक्षेत्रांच्या वाटांवर शिकवले. पुढे दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. भावाबरोबर पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मग भाऊही गेला. बिपिनबिहारी दास यांच्याशी लग्न झाले आणि दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने नवरा गेला. कडेवर लेक मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले आणि १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या विलायतेच्या बोटीत बसल्या. डॉक्टरकी शिकायची होती. कानांनी दगा दिला. ऐकू येणे इतके कमी झाले की तो बेत सोडावा लागला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडे आधी एक भयंकर गोष्ट घडून गेली होती. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच गावी आत्महत्या केली होती. एवढा घाव बसलेली ही तरुण विधवा आता आपल्या छायेला आली, तिला हळूहळू घडवावे, असे भगिनींना वाटले असेल तर त्यात नवल नाही. इकडे पुण्यात लोकांनी उलट बाजूने तोच निष्कर्ष काढला, की बाई गेल्या, मिशनऱ्यांच्या हातातले बाहुले झाल्या. दोघांचाही अंदाज चुकला.

ख्रिस्ती शिकवणुकीत माणसाच्या ज्ञानाला सीमा आहे, ही गोष्ट जुनी आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना आरशाचा दाखला दिला. करिंथ हे काशाच्या कामासाठी नावाजलेले शहर. त्या काळचा आरसा म्हणजे घासून लख्ख केलेला धातूचा पत्रा. त्यात चेहरा दिसतो, पण नाकाशी डोळ्यांची गाठ नीट पडत नाही. देवाविषयी आपल्याला जे कळते ते एवढेच, असे पौलाचे म्हणणे. रमाबाईंचा याला विरोध नव्हता. देव पुरता हातात येत नाही, हे पुराणिकाच्या घरात वाढलेल्या मुलीला बर्कशरमध्ये येऊन शिकायची गरज नव्हती.

त्यांची शंका दुसरीकडे होती. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या गळी उतरेना. एक देव, तीन व्यक्ती, आणि तरी तीन देव नव्हेत. येशूचा कुमारिकेपोटी जन्म, त्याचे देवत्व, चमत्कार, या प्रत्येकावर त्यांनी प्रश्न विचारले, आणि प्रश्न विचारण्याची त्यांची तऱ्हा शास्त्रार्थाची. तुमचे म्हणणे काय, त्याला प्रमाण काय, ते वचन मूळ ग्रंथात आहे की मागाहूनच्या आचार्यांनी घातले? इंग्लंडच्या चर्चमध्ये वर्षातून ठरावीक दिवशी जो अथनेशियन मतांगीकार म्हणत, त्याच्याशी त्यांचे मुळीच जमले नाही. आता त्या मतांगीकाराची गंमत पाहा. देव आकळत नाही असे तो स्वतःच सांगतो, आणि पुढे चाळीसेक कलमांत हा न आकळणारा देव नेमका कसा आहे ते सांगून, जो असे मानणार नाही त्याचा नाश ठरलेला, अशी तंबीही देतो. न्यायशास्त्र कानावरून गेलेल्या माणसाला हा व्याघात टोचल्यावाचून राहत नाही.

आजीबाईंचे उत्तर साधे होते आणि त्यांच्या जागी ते प्रामाणिकही होते. माणसाची बुद्धी अपुरी. म्हणून आधी विश्वास ठेवावा, आज्ञा पाळावी, उमज मागून येते. जिला अजून सारे नवे आहे तिने चर्चच्या अठराशे वर्षांच्या अनुभवापुढे वाकावे. ती वाकत नाही याचे कारण त्यांना एकच दिसे: गर्व. तोही बुद्धीचा, आणि त्याच्या बुडाशी जातीचा. रमाबाई मांसमच्छी खात नसत, अंडे घातलेले पुडिंगही त्यांना चालत नसे. सिस्टरला त्यात जुन्या सोवळ्याचे अवशेष दिसले. (पुडिंगात अंडे असावे की नसावे यावर ईश्वरविषयक पत्रे लिहिली गेल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.) रमाबाईंनी आपले खाणे बदलले नाही.

मे १८८५ मधल्या पत्रात त्यांनी जे लिहिले ते आजही वाचताना ताठ बसायला होते. आशय असा: मला देवाने सदसद्विवेक दिला आहे, तो वापरायचे काम मी दुसऱ्या कोणावर सोपवणार नाही. भारतातल्या पुरोहितांचे जोखड मी नुकतेच मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे. तसलेच दुसरे जोखड घेण्याची माझी तयारी नाही. मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही.

सिस्टरला हा गर्व वाटला. मला मात्र यात एक जुनी आठवण बोलताना ऐकू येते. ‘हे तुला कळणार नाही’ हे वाक्य रमाबाईंच्या पिढीतल्या बाईने आयुष्यभर ऐकलेले होते. वेद स्त्रीशूद्रांना नाहीत, कारण त्यांचा अधिकार नाही. धर्मशास्त्रे अभ्यासताना आपल्याला काय सापडले, ते रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले: ग्रंथ इतर शंभर बाबतींत एकमेकांशी भांडतात, पण बाई मुळातच हीन आणि बाईच्या जन्मात तिला मोक्ष नाही, यावर त्यांचे एकमत आहे. माणसाच्या बुद्धीला मर्यादा आहे असे कोणी म्हटले, की त्यांच्या अनुभवात ती मर्यादा नेहमी बाईच्याच उंबऱ्यावर आखलेली निघे. म्हणून मर्यादा आहे का, यापेक्षा ती कोण आखतो आहे, हे त्या आधी पाहत.

त्याचा पडताळाही इंग्लंडातच आला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी संस्कृत शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा लाहोरचे आणि मुंबईचे बिशप आडवे आले. भारतात याचा बोभाटा होईल, बाईंच्या कामाला बाध येईल, हे त्यांचे कारण. रमाबाई चकित झाल्या. कलकत्त्यात, आसामात, पुण्यात पुरुषांनी भरलेल्या सभांपुढे त्या बोलून आल्या होत्या. वडिलांनी, भावाने, नवऱ्याने कोणी आडकाठी केली नव्हती. आणि भारतात काय खपेल ते आता इंग्रज बिशप त्यांना सांगणार!

या सगळ्यात त्यांचे खरे ऐकून घेणारी एकच बाई होती, कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील. बीलबाई मूळच्या गणिताच्या शिक्षिका, लंडनच्या क्वीन्स कॉलेजात गणित शिकवून आलेल्या. रमाबाई येण्याच्या सुमारासच त्या स्वतः श्रद्धेच्या मोठ्या आवर्तातून गेल्या होत्या, म्हणून शंका म्हणजे पाप असे त्यांना वाटत नसे. ‘मान’ असे त्यांनी रमाबाईंना सांगितले नाही. दाखले देत, उपमा देत, ‘हे असे धरून पाहा’ म्हणत त्या चालल्या. भगिनींना आणि पाद्र्यांना त्यांनी कळवले, की या मुलीला ख्रिस्ती धर्म इतिहास म्हणून सांगून भागणार नाही. तो तिच्या बुद्धीला आणि अंतःकरणाला स्वतःहून पटावा लागेल, तिला तत्त्वज्ञान म्हणून तो अभ्यासू द्या. गणित शिकवणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते: सिद्धता अर्धवट कळलेला विद्यार्थी ‘कळले’ म्हणतो तेव्हा तो फसवत असतो, ‘नाही कळले’ म्हणतो तेव्हा शिकत असतो. बीलबाईंना रमाबाई आवडल्या त्या यामुळेच असाव्यात.

रमाबाईंना इथवर आणणाऱ्यांत आणखी एक माणूस होता, आणि त्याची गोष्ट नेमकी उलट दिशेने जाते. फादर नेहेम्या गोरे, मूळचे नीळकंठशास्त्री. कोकणस्थ ब्राह्मण, घराणे बुंदेलखंडात स्थिरावलेले, आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरी. नीळकंठाचा जन्म १८२५ चा, शिक्षण काशीतले. न्यायात मुरलेला हा तरुण भर रस्त्यावर उपदेश करणाऱ्या मिशनऱ्यांची खोड मोडायला म्हणून गेला. विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याशी वाद करता करता त्याचीच भिंत खचली, आणि मार्च १८४८ मध्ये जौनपूरला त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहून त्याने सहाही दर्शनांचे तर्काने खंडन केले. दोनच वर्षांत फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर काढले. काशीचे शस्त्र काशीवरच चालवलेले, आणि चालवणारा हात सराईत.

पण तर्काची तलवार म्यानात राहत नाही. जी धार सांख्य-वेदान्तावर चालली ती गोऱ्यांच्या स्वतःच्या नव्या श्रद्धेवरही चालू लागली. शंकांनी त्यांना आयुष्यभर सोडले नाही. बाप्तिस्म्याच्या आधी होत्या, नंतर होत्या, पाद्री झाल्यावरही होत्या. दयाळू देव माणसाला कायमचा नरकात कसा ठेवील, या प्रश्नाने त्यांना फार छळले. त्यावर त्यांनी १८६८ साली पुस्तिकाच लिहिली, आणि ती लिहिताना ते वाचकाइतकीच स्वतःचीही समजूत घालत असावेत असे मला वाटते. काउली बंधूंच्या संन्यस्त संस्थेत ते शिरले, उमेदवार म्हणून तिथे राहिले, पण अखेरची व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. संन्याशाहून संन्याशासारखा राहणारा हा माणूस शेवटच्या पायरीवर वर्षानुवर्षे उभा राहिला.

असा माणूस काय करतो? गोऱ्यांनी आपली बुद्धी चर्चच्या पायाशी ठेवली. ठेवली म्हणजे टाकली नव्हे. न्यायाच्या भाषेत सांगायचे तर प्रत्यक्ष आणि अनुमान जिथे थकतात तिथे शब्दप्रमाण धरायचे, आणि शब्द कोणाचा, तर आप्ताचा, म्हणजे चर्चच्या जुन्या परंपरेचा. ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींशी त्यांचा वाद याच मुद्द्यावर. ती मंडळी म्हणत, देव एक आहे, दयाळू आहे, हे माणसाला आपल्या अंतःप्रेरणेने कळते, ग्रंथ कशाला? गोरे म्हणत, तुमची ही अंतःप्रेरणा हजारो वर्षे कुठे होती? तुम्ही हे ख्रिस्ती शास्त्रातूनच उचलले आहे आणि कुठून उचलले ते विसरलात. माणूस आपल्या बुद्धीने एवढे वर चढूच शकत नाही, हा त्यांचा पक्ष. मुंबईपुण्यात त्यांनी यावर व्याख्याने दिली, ती १८७५ साली छापलीही गेली. प्रार्थना समाजाचे पुढारी त्यांना मानत, पण पटवून घेत नसत.

पुण्यात ते पंचहौदाच्या मिशनात असत. आजच्या गुरुवार पेठेत पवित्र नाम देवालयाचा उंच घंटाघर-मनोरा दिसतो, ती जागा. याच मिशनात ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशांनी पुण्यातल्या मोठमोठ्यांना चहाला नेले आणि नंतर त्यांची नावे वर्तमानपत्रात फोडून टिळक, रानडे सगळ्यांना प्रायश्चित्ताच्या फेऱ्यात अडकवले, ते प्रसिद्धच आहे. एका पेल्यात शहराचे शब्दप्रमाण किती खोल आहे ते दिसले.

रमाबाईंवर गोऱ्यांचा परिणाम झाला तो त्यांच्या युक्तिवादामुळे, आणि त्याहून त्यांच्या नम्र बोलण्यामुळे, असे रमाबाईंनीच म्हटले आहे. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला प्रमाण काय, हा विषय गोऱ्यांनी त्यांच्यासाठी लिहून काढला. ख्रिस्ताच्या देवत्वाच्या प्रमाणांवरचे त्यांचे पत्रही १८८७ साली छापून निघाले. म्हणजे बाप्तिस्म्याला चार वर्षे झाली तरी शिष्येला प्रमाणे हवीच होती, आणि गुरू ती पुरवत होते. दोघांची कोंडी एकच. दोघांनाही माहीत होते की तर्क एका जागी थांबतो. गोऱ्यांना शंकेचा ताप इतका की त्यांना टेकायला माणसांनी बांधलेली भिंत लागली. रमाबाईंना भिंत नको होती. त्यांनी भिंती फार पाहिल्या होत्या. गोरे २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत वारले.

१८८६ च्या आरंभी रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तिकडेच राहिल्या. मार्च १८८९ मध्ये चौपाटीला विधवांसाठी शारदासदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले, १८९३ मध्ये मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून त्यावर वादळ उठले. हे सारे शाळेच्या पुस्तकातही असते.

कमी सांगितले जाते ते १८९१ साली त्यांच्या मनात घडलेले. त्या स्वतः लिहितात, की आठ वर्षे मी ख्रिस्ती धर्म बाळगून होते, पण ख्रिस्त मला मिळाला नव्हता. हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन वाचताना हे त्यांना उमगले. या पाद्र्याला तर आपण चर्चमध्ये उपदेश करत असताना, आपल्याच प्रवचनाच्या मध्यावर देव भेटला होता! त्रैक्यावर बिशपांशी भांडणारी बाई आता म्हणू लागली, की आपण सगळे पुराव्याने शोधत होतो आणि जे हवे ते त्या पुराव्याच्या पलीकडे होते. आजीबाईंना हे वाचून बरे वाटले असेल. पण यामुळे रमाबाई बिशपांच्या आज्ञेत आल्या म्हणावे, तर मुळीच नाही. केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभे केले ते कुठल्याच एका चर्चला न बांधता.

१९०५ च्या जूनअखेर केडगावला प्रार्थनेची लाट आली. मुली रात्ररात्र रडत, मोठ्याने प्रार्थना करत, भान हरपत. पुढे काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. बाहेरच्या ख्रिस्ती मंडळींतून कुरकुर सुरू झाली, की हा भावनेचा उद्रेक आहे, आवरा. आता निवाडा करायच्या खुर्चीवर रमाबाई होत्या. वीस वर्षांपूर्वी आजीबाई जिथे बसल्या होत्या, तीच ही खुर्ची. बाईंनी आवरले नाही. देव कोणत्या रीतीने काम करील ते आपण ठरवू नये, आणि भारतीय ख्रिस्ती माणसाने पाश्चात्यांच्या शिस्तीतच देवापुढे उभे राहावे असाही नियम नाही, अशी त्यांची भूमिका त्यांच्या तेव्हाच्या लिखाणात दिसते.

आम्हा मुळशीच्या बाजूच्या लोकांना १९२१ म्हटले की दुसरे काही सुचत नाही. रामनवमीला, १६ एप्रिलला, टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मुळशीत सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट पुढे सेनापती झाले. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला हे चालले होते, तेव्हा पूर्व टोकाला, केडगावात, छापखान्यात खिळे जुळवले जात होते. रमाबाईंनी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले होते. छापखाना त्यांचा स्वतःचा. जुळणारे, छापणारे, बांधणारे हात मुक्तिसदनातल्याच बायकामुलींचे. आधीच्या मराठी बायबलातले संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी गाळले. संस्कृत येत नव्हते म्हणून नव्हे. त्या काळात त्यांच्याएवढे संस्कृत किती जणींना येत होते! त्या शब्दांना वेदान्ताचे अर्थ चिकटलेले, आणि खेड्यातून आलेल्या बाईला ते उमगत नसत. तिला कळेल असे मराठी हवे होते.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. मुलगी गेली तरी प्रुफे चालू राहिली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. पुस्तक १९२४ साली बाहेर आले.

इंग्लंडमध्ये सिस्टर जेराल्डिनने म्हातारपणी रमाबाईंची सगळी पत्रे जुळवून ठेवली होती, आपली उत्तरे आणि टिपणांसकट. ज्यांत रमाबाईंनी त्यांना धडधडीत खोडून काढले तीही पत्रे त्यांनी वगळली नाहीत. अ. भि. शहा यांनी १९७७ साली तो संग्रह मुंबईत छापला. लॅटिन अक्षरांच्या क्रूसाची हकीकत आपल्याला त्यातूनच कळते.

केडगावच्या भाषांतरात ईयोबाचे पुस्तक आहेच. त्याचा अडतिसाव्या अध्यायापासूनचा भाग मोठा विचित्र. आधीचे पस्तीस अध्याय ईयोब आणि त्याचे स्नेही दुःखाचे कारण शोधत वाद घालतात. मग वावटळीतून देव बोलतो, आणि ईयोबाने विचारलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. तो उलट विचारत सुटतो: पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, बर्फाची कोठारे पाहिलीस का, रानशेळी कधी विते ते तुला ठाऊक आहे का? प्रश्नामागून प्रश्न. ते सगळे प्रश्न, कानांनी जवळजवळ बहिऱ्या झालेल्या एका बाईने हिब्रूतून एकेक करून उतरवले, आणि केडगावच्या मुलींनी ते एकेक खिळा उचलून जुळवले, त्यांना वाचता येणाऱ्या अक्षरांत.